प्रॉक्समॉक्स: घरचा सर्व्हर आणि गेमिंगचा पीसी एकाच मशीनमध्ये, खरंच जमतं का?

आधी थेट मत सांगून टाकतो, कारण ऑफिसातले दोघंतिघं मला हेच सारखं विचारत असतात. घरच्या सर्व्हरसाठी प्रॉक्समॉक्स व्हीई हे आज फुकटात मिळणारं सगळ्यात भरवशाचं सॉफ्टवेअर आहे असं माझं ठाम मत आहे, आणि त्याच मशीनमध्ये विंडोजची व्हीएम (सॉफ्टवेअरने बनवलेला, कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर) करून तिला खरं ग्राफिक्स कार्ड देऊन गेम खेळणंही व्यवस्थित जमतं, फक्त हार्डवेअर त्या हिशोबानेच घेतलेलं पाहिजे आणि घरात कोणी व्हॅलोरंट (ऑनलाइन शूटर गेम, कारण पुढे येईल) खेळणारं नसलं पाहिजे. या दोन अटी आधी तपासा, बाकीचं सगळं नंतर बदलता येतं.

ज्यांनी नावच ऐकलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रॉक्समॉक्स ही ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाची कंपनी, २००८ पासून हे सॉफ्टवेअर आहे, एका मशीनवर बरेच वेगळे कॉम्प्युटर चालवणारं. खाली डेबियन लिनक्स आणि त्यावर केव्हीएमच्या (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) व्हीएम आणि एलएक्ससी कंटेनर, म्हणजे होस्टचंच (मूळ मशीनचं) लिनक्स वापरणारे हलके डबे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ९.० आलं, ते डेबियन १३ वर आहे. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल करायचं, मशीन कोपऱ्यात ठेवायचं, आणि नंतर सगळं लॅपटॉपच्या ब्राउझरमधून, ८००६ पोर्टवर. पैसे भरले नाहीत म्हणून एकही फीचर बंद नसतं. लॉगिन केलं की सबस्क्रिप्शन नाही असा एक मेसेज दरवेळी येतो तेवढाच, ओके करायचं आणि पुढे जायचं. हां, एक काम पहिल्याच दिवशी करा, अपडेट जिथून येतात ती रिपॉझिटरी सुरुवातीला एंटरप्राइझवाली लावलेली असते आणि ती सबस्क्रिप्शनशिवाय चालत नाही, त्यामुळे अपडेट करायला गेलं की एरर येतो आणि नवीन माणूस घाबरतो. ती बंद करून नो-सबस्क्रिप्शनवाली लावायची, तिथेच मेनूत आहे, दोन मिनिटांचं काम.

माझ्याकडे यावर काय काय चालतं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. फोटोंसाठी इमिच, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलचे फोटो आपोआप घरीच येतात. जेलीफिन म्हणजे घरचं नेटफ्लिक्स, त्यावर आईचे कीर्तनाचे जुने कॅसेटवरून उतरवलेले रेकॉर्डिंग आणि सिनेमे. पाय-होल (जाहिराती अडवणारं), होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं), आणि एक साधं सांबा शेअर (नेटवर्कवरून सगळ्यांना दिसणारं फोल्डर) ज्यात सगळ्यांची कागदपत्रं. सातारला बाबांच्या टीव्हीवर हेच सगळं टेलस्केलने (दूरची मशीन खाजगी नेटवर्कने जोडणारं सॉफ्टवेअर) दिसतं, कारण आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांचं कनेक्शन सीजी-नॅटच्या (बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला) मागे असतं, बाहेरून पोर्ट उघडायचा प्रश्नच येत नाही, आणि खरं सांगायचं तर उघडूही नये. आणि या सगळ्याबरोबर एक विंडोज ११ ची व्हीएम, तिच्यात आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीवालं कार्ड पूर्ण दिलेलं, संध्याकाळी गेमसाठी.

आता हार्डवेअर. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण लोक ग्राफिक्स कार्डपासून सुरुवात करतात आणि मदरबोर्ड शेवटी उरलेल्या पैशात घेतात, आणि या कामात ते अगदी उलटं करायला हवं. व्हीएमला खरं कार्ड द्यायचं म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड दोघांमध्ये आयओएमएमयू (कुठलं उपकरण कोणत्या व्हीएमच्या रॅमपर्यंत पोचेल ते ठरवणारी सोय) पाहिजे, इंटेलमध्ये त्याला व्हीटी-डी म्हणतात आणि एएमडीत एएमडी-व्ही आय, बायोसमध्ये ते बरेचदा बंद असतं, चालू करावं लागतं. पण चालू असणं पुरेसं नाही. बोर्डवरची सगळी उपकरणं आयओएमएमयू ग्रुपमध्ये वाटलेली असतात आणि व्हीएमला द्यायचं तर आख्खा ग्रुप द्यावा लागतो, सातबाऱ्यावर सामाईक नाव असलेल्या जमिनीसारखं, एकट्याचा तुकडा परस्पर देता येत नाही. ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्यावरचा एचडीएमआय ऑडिओ एका ग्रुपमध्ये असतात ते ठीक आहे, दोन्ही एकत्रच द्यायचे असतात. पण त्याच ग्रुपमध्ये साटा कंट्रोलर किंवा लॅन पोर्ट येऊन बसला तर मग अडलं, कारण तो दिला की सर्व्हरच्याच डिस्क नाहीतर नेटवर्क गेलं.

म्हणून बोर्ड घ्यायच्या आधी त्या नेमक्या मॉडेलचे ग्रुप कोणीतरी टाकलेले असतात ते शोधून वाचा. मुख्य एक्स१६ स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, तो बहुतेक वेळा वेगळा मिळतो. अडचण चिपसेटवरून (बोर्डवरची दुय्यम चिप) येणाऱ्या स्लॉटची. एएमडीच्या बी५५० वर चिपसेटमागचं बरंचसं सगळं एकाच ग्रुपमध्ये येतं, एक्स५७० वर वाटणी बरीच चांगली असते, म्हणून जुन्या एएम४ वर (एएमडीचं आधीचं सॉकेट) करायचं असेल आणि एकापेक्षा जास्त कार्डं द्यायची असतील तर एक्स५७० शोधा, सेकंडहँडमध्ये मिळतो. एसीएस ओव्हरराइड नावाचा एक उपाय लोक सांगतात, त्याने ग्रुप जबरदस्तीने फुटतात, पण ते फक्त कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तसं सांगितलं जातं, हार्डवेअरमधला वेगळेपणा त्याने येत नाही. ज्या मशीनवर घरच्यांचे फोटो आहेत त्यावर मी ते करणार नाही.

दुसरी गोष्ट, प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स पाहिजेतच. इंटेलच्या नावामागे एफ असेल तर घेऊ नका. तापकीर गल्लीत एका दुकानात मला "सर सेम आहे, उलट स्वस्त पडतं" म्हणून एफवालाच पुढे केला जात होता, गेमिंग पीसीसाठी ते बरोबरही आहे, पण आपल्या कामात आतले ग्राफिक्स फार मोलाचे. बायोसमध्ये पहिला डिस्प्ले आतल्या ग्राफिक्सचा ठेवायचा, म्हणजे प्रॉक्समॉक्सचा कन्सोल तिथे राहतो आणि मोठं कार्ड पहिल्यापासून मोकळं राहतं, त्याला होस्टने हातच लावलेला नसतो. आणि तेच आतले ग्राफिक्स जेलीफिनच्या कंटेनरला द्यायचे, क्विक सिंकने (इंटेलची व्हिडिओसाठीची सोय) व्हिडिओ ट्रान्सकोड होतो, म्हणजे टीव्हीला चालेल अशा रूपात बदलतो, प्रोसेसरवर लोड जवळजवळ येत नाही. कंटेनरला उपकरण देणं हल्लीच्या व्हर्जनमध्ये वेबवरूनच होतं, आधी फाइलमध्ये हाताने लिहावं लागायचं.

मी आय५ १३५०० घेतला आणि यासाठी हा प्रोसेसर मला अजूनही फार आवडतो. ६ पी कोअर (वेगवान) आणि ८ ई कोअर (कमी वीज खाणारे), एकूण २० थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा). पी कोअरचे थ्रेड ० ते ११, ई कोअर १२ ते १९. प्रॉक्समॉक्समध्ये ७.३ पासून प्रत्येक व्हीएमला अ‍ॅफिनिटी देता येते, म्हणजे कोणत्या थ्रेडवर चालायचं ते एका रकान्यात लिहायचं. विंडोजला २ ते ११ दिले, पहिला पी कोअर होस्टला ठेवला, कंटेनर सगळे ई कोअरवर. हे करण्याआधी गेम चालू असताना इमिच फोटोंवर चेहरे शोधायला लागलं की फ्रेम अडखळायच्या आणि आवाज तडतडायचा, आणि हे एवढं केल्यावर ते थांबलं. बोर्ड बी७६० पण डीडीआर४ वाला, कारण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे वर गेलेत ते बघता घरात पडलेली डीडीआर४ वापरता येणं हाच मोठा फायदा आहे.

रॅमबद्दल एक गोष्ट हिशोबात धरा. कार्ड दिलेली व्हीएम चालू झाली की तिची पूर्ण रॅम लगेच अडकते, बलूनिंग (न वापरलेली रॅम परत घेणं) वगैरे चालत नाही, २४ जीबी लिहिलं तर २४ जीबी गेलीच. ६४ मध्ये माझं आरामात बसतं, ३२ मध्ये विंडोजला १६ देऊन जमेल पण झेडएफएस (डिस्कवरचा डेटा सांभाळणारी फाइल सिस्टिम) आणि इमिच दोन्ही असतील तर ओढाताण होईल. झेडएफएसची कॅश रॅम खाते अशी जी तक्रार असते ती ८.१ पासूनच्या नव्या इन्स्टॉलमध्ये कमी झालीये, तिथे मर्यादा रॅमच्या १० टक्के ठेवलेली असते, फार तर १६ जीबी. डिस्क घेताना सीएमआर (डेटाचे ट्रॅक एकमेकांवर न चढवणारी) आहे का एवढं नक्की विचारा, दुकानदाराला माहीत नसेल तर मॉडेल नंबर घेऊन घरी येऊन बघा आणि मग घ्या. एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवणाऱ्या) डिस्कवर झेडएफएस नेहमीच्या वापरात चालताना दिसतं पण एक डिस्क बदलून नवीन भरायची वेळ आली की ते अतिशय रखडतं, आणि नेमकी तीच वेळ धोक्याची असते.

आता विंडोजची व्हीएम. सेटिंग अशी, क्यू३५ मशीन, ओव्हीएमएफ बायोस, सीपीयू टाइप होस्ट, आणि विंडोज ११ साठी टीपीएम (सुरक्षेची चिप), तो व्हर्च्युअल मिळतो, एक टिक केली की झालं. इन्स्टॉल सुरू झालं की विंडोज म्हणतं डिस्कच नाही. घाबरू नका, व्हर्टआयओच्या (खास व्हीएमसाठीच्या) ड्रायव्हरची वेगळी आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हला लावलेली पाहिजे, तिथून ड्रायव्हर लोड करायचा आणि डिस्क दिसते. पूर्वी एनव्हिडियाच्या साध्या कार्डांना व्हीएममध्ये एरर ४३ यायचा, ड्रायव्हर मुद्दाम अडवायचा, ते २०२१ मध्ये ४६५ ड्रायव्हरपासून एनव्हिडियाने स्वतःच काढून टाकलं. इंटरनेटवरचे बरेच जुने लेख अजून त्या एररच्या उपायांनी भरलेत, ते सगळं सोडून द्या. एएमडीच्या आरएक्स ५७०० सारख्या कार्डांना रिसेटचा त्रास होता, व्हीएम बंद करून परत चालू केली की कार्ड उठतच नाही, आख्खा सर्व्हर रिस्टार्ट करावा लागतो. सेकंडहँड कार्ड स्वस्त दिसलं म्हणून तसलं उचलू नका, घरातल्यांचा टीव्ही आणि फोटो तुमच्या गेमसाठी बंद होणार.

खेळताना कसं वाटतं? सायबरपंक मी १०८० पीवर खेळलो आणि मला तरी थेट विंडोजवर खेळल्यापेक्षा फरक जाणवला नाही. मोजलं तर थोडे फ्रेम कमी भरतील, पण कार्ड खरंच व्हीएमच्या हातात असल्यामुळे ग्राफिक्सच्या कामात मध्ये कोणी नसतं. गेमसाठी एक एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) पूर्णच व्हीएमला देऊन टाकली, लोडिंगला बरं पडतं.

मशीन बेडरूममध्ये नाही, हॉलच्या लॉफ्टखाली आहे, त्यामुळे मॉनिटरला केबल नेण्यापेक्षा व्हीएममध्ये सनशाइन (गेमचं चित्र नेटवर्कवरून पाठवणारं) आणि टीव्हीवर मूनलाइट (ते दाखवणारं) असं केलं. कार्डवरचाच एनकोडर वापरला जातो. मॉनिटर जोडलेला नसेल तर कार्डला एचडीएमआयचा डमी प्लग लावा, ऑनलाइन दोनतीनशे रुपयांत मिळतो, त्याच्याशिवाय कार्डला वाटतं स्क्रीनच नाही. आणि टीव्हीपर्यंत लॅनची केबल ओढाच, वायफायवर हे चालतं असं लोक म्हणतात, पण आमच्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटचा राउटर एकमेकांवर ओरडत असतो तिथे संध्याकाळी चित्र फाटतं. भिंतीतल्या पाइपमधून केबल ओढून घ्यायला इलेक्ट्रिशियनला दिलेले पैसे या आख्ख्या प्रकारातले सगळ्यात वसूल झालेले पैसे.

आता व्हॅलोरंट. त्याचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट (गेममधली फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) कर्नलमध्ये बसतं आणि व्हीएममध्ये चालू देत नाही. हे प्रॉक्समॉक्सचं दुखणं नाही, कुठल्याही व्हीएमला हेच. व्हीएम लपवायच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ आहेत, त्यांच्या नादी लागू नका, अकाउंट बॅन झालं की वर्षानुवर्षांचं विकत घेतलेलं सगळं गेलं. माझा पुतण्या सुट्टीत येतो आणि त्याला व्हॅलोरंट सोडून काही नको असतं, त्याला मी सरळ सांगितलं की तुझा लॅपटॉप घेऊन ये. दुसरे काही ऑनलाइन गेमही व्हीएमला हाकलतात, म्हणून आपण जे पाचसहा गेम खरंच खेळतो त्यांची नावं लिहून एकेकाचं तपासा आणि मगच पैसे खर्च करा. घरात सगळे ऑनलाइन शूटरवालेच असतील तर हा नाद सोडा, साधा गेमिंग पीसी वेगळा आणि सर्व्हरसाठी एन१०० या इंटेलच्या कमी विजेच्या प्रोसेसरचा छोटा मिनी पीसी वेगळा, हेच बरोबर. एकट्याने कथा-मोहिमेचे गेम खेळणाऱ्यांना मात्र एकाच मशीनमध्ये खरंच फायदा आहे.

वीज. हा विषय परदेशातले लोक फार बोलत नाहीत पण आपल्याला महावितरणचं बिल भरायचंय. माझ्याकडे दोन हार्ड डिस्क आणि कार्डासकट मशीन काही काम नसताना भिंतीच्या मीटरवर ६० वॅटच्या आसपास दाखवतं. ६० वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला ४३ युनिट. आकडा छोटा वाटतो पण हे युनिट घरच्या नेहमीच्या वापराच्या वर येऊन बसतात, म्हणजे तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबच्या दराने पडतात. १००, ३०० आणि ५०० युनिटला स्लॅब बदलतो, तुम्ही आत्ता २८० ला असाल तर उन्हाळ्यात एसीबरोबर हे जोडून बघा. विंडोज व्हीएम बंद असताना कार्ड ड्रायव्हरशिवाय पडून राहतं आणि तशात काही कार्डं उलट जास्त वीज ओढतात, ते आपल्या कार्डावर एकदा मोजून घ्या.

यूपीएस विकत घ्या, त्याला पर्याय नाही. पुणे-पिंपरी-चिंचवडवाल्यांना गुरुवारची दुरुस्तीची वीज बंद माहीत आहेच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॅटपर्यंतच असतो, गेम चालू असताना मशीन ३०० ओढतं, म्हणजे बॅटरी जरा जुनी झाली की काही सेकंदांत आडवा. १ केव्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह घ्या, यूएसबी पोर्ट असलेला, आणि प्रॉक्समॉक्सवर नट नावाचं सॉफ्टवेअर टाका, वीज जाऊन बॅटरी संपत आली की ते सगळ्या व्हीएम क्रमाने बंद करून मग होस्ट बंद करतं. विंडोजमध्ये गेस्ट एजंट (होस्टचा बंद व्हायचा निरोप ऐकणारा छोटा प्रोग्राम) टाकलेला पाहिजे. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू हे सेटिंग लावा. आमच्याकडे वीज येते तेव्हा घरात कोणी नसतं, आणि तरी संध्याकाळी सगळं चालू असतं, हे बघून मला खरंच समाधान वाटतं.

जे आवडलं नाही तेही सांगायला हवं. प्रॉक्समॉक्समध्ये फाइल शेअरिंगसाठी स्वतःचा काहीही स्क्रीन नाही. सांबा हवं तर कंटेनर करून त्यात हाताने करा किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट या फाइल शेअरिंगच्या तयार सॉफ्टवेअरची व्हीएम घ्या, आणि कंटेनरमधल्या युजर आयडीचे परवाने जुळवणं नवीन माणसाला डोकेदुखी आहे. दुसरं म्हणजे मशीनमध्ये नवीन एनव्हीएमई किंवा कार्ड घातलं की पीसीआयचे नंबर सरकतात, त्याबरोबर लॅन पोर्टचं नावही बदलू शकतं, आणि सर्व्हर नेटवर्कवरून गायब. डिस्क ठीक, सगळं ठीक, फक्त वेबपेज उघडत नाही. तेव्हा आतल्या ग्राफिक्सला मॉनिटर आणि कीबोर्ड लावून नेटवर्कच्या फाइलमध्ये नवं नाव लिहावं लागतं. नंबर सरकल्यावर व्हीएमला दिलेलं उपकरणही तेच आहे ना हे चालू करण्याआधी बघून घ्या, नाहीतर साटा कंट्रोलर विंडोजच्या हातात जायचा.

अनरेड (घरच्या सर्व्हरसाठीचं दुसरं सॉफ्टवेअर) घ्यावं का असंही विचारतात. ज्यांच्याकडे वेगवेगळ्या साइझच्या जुन्या डिस्क पडल्यात, ४ टीबी, ८ टीबी, २ टीबी, आणि त्या सगळ्या एकत्र वापरायच्यात त्यांनी अनरेडच बघावं, तिथे सगळ्यात मोठ्या डिस्कएवढी पॅरिटी (एक डिस्क गेली तर तिचा डेटा भरून काढणारी) लावली की बाकी कशाही चालतात, आणि शेअर, डॉकर (कंटेनरचाच दुसरा प्रकार), व्हीएम सगळं एकाच सोप्या स्क्रीनवर. पण ते विकत आहे, मार्च २०२४ ला ठरलेल्या भावात स्टार्टर ४९ डॉलर आणि सहाच डिस्क, अनलीश्ड १०९, आणि लाइफटाइम २४९. पहिल्या दोघांत अपडेट एका वर्षाचेच.  ज्याला लिनक्सची कमांड लाइन नकोच आहे त्याला मी हे पैसे द्यायला सांगेन, वेळ वाचतो. मला स्वतःला झेडएफएसवरचे स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपलेली अवस्था) आणि बॅकअप महत्त्वाचे म्हणून प्रॉक्समॉक्स.

आणि बॅकअपचंच शेवटचं. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर हे त्यांचंच वेगळं सॉफ्टवेअर, तेही फुकट, जुन्या डेस्कटॉपवर टाकलंय, रात्री फक्त बदललेला भाग जातो म्हणून पटकन होतं. पण पूर्ण एनव्हीएमई जी विंडोजला दिलीये ती या बॅकअपमध्ये येत नाही, प्रॉक्समॉक्सला तिच्यात काय आहे ते दिसतच नाही. म्हणून त्यावर फक्त गेम ठेवा, ते स्टीमवरून परत उतरतात, आणि विंडोज स्वतः व्हर्च्युअल डिस्कवर ठेवा म्हणजे तिचा बॅकअप होतो. ज्या गेमचं सेव्ह क्लाउडवर जात नाही त्यांचं फोल्डर मी रोज सांबा शेअरवर कॉपी करायला लावलंय. फोटोंची मात्र तिसरी कॉपी सातारला बाबांकडे एका डिस्कवर असते, दिवाळीत गेलो की ती बदलून आणतो.